गॅससुद्धा पेटवायचा नाही

...आणि वर मला म्हणतात कशा, "त्यात काय एवढं सर, गॅससुद्धा पेटवायचा नाही!" आता तुम्हीच सांगा, गॅस पेटवायचा नसला म्हणजे काम सोपं होतं का? पोहायला गॅस लागतो? दोरीवरून चालायला लागतो? मी मोटार शिकताना समोरच्या बंगल्याचं अख्खं फाटक आडवं केलं, तेव्हा काय गॅस पेटवला होता मी? पण नाही. गॅस पेटवायचा नाही म्हटलं की जगाला वाटतं, चला, हे कुणीही करेल, अगदी हासुद्धा करेल... आणि 'हा' म्हणजे मी, जो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे आणि त्या दिवशी ओट्यासमोर उभा होता, कोपरापर्यंत कॉफी, भुवईला चीज, आणि तळहातावर, तुम्हाला सांगतो, गोळा नाही, डबकं!

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल माणूस बिथरलाय. पहिल्यापासून सांगतो. मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे आखडलेले खांदे, रुसलेले गुडघे, प्लॅस्टरमधून बाहेर आलेली मनगटं, हे सगळं हलतं करून द्यायचं आमचं काम. लोक डॉक्टर म्हणतात, मी अडवत नाही. दवाखाना तळघरात, दोन खोल्या, एकीत पेशंट कण्हतात आणि दुसरीत पुढचे पेशंट ते ऐकत बसतात. घरी मी एकटा. लग्न झालं नाही. म्हणजे ठरलं होतं, मग मोडलं, मग पुन्हा कुणी ठरवायला घेतलं नाही, आणि मी आपला वाट बघत राहिलो की कुणीतरी विषय काढेल... तर ते असो. तो विषय निघाला की गोळे राहतील बाजूला.

माझी एक मोठी बहीण आहे, याच शहरात, दोन बस बदलून. तिच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे जेवायला जमतात. ताई, दाजी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, तिचा नवरा, दाजींचे भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, नुसता कालवा. आणि कोपऱ्यात फ्रीजला टेकून एक खुर्ची, तिच्यावर मी. कुणाला थंड पाणी हवं असलं की मी उठायचं, खुर्ची सरकवायची, दार उघडायचं, परत बसायचं. तुम्ही हसाल, पण मला आवडायचं ते. निदान दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं, "मामा, जरा उठ ना." खरं सांगू? महिन्याभरात मी पोटभर बोलायचो तो तेवढाच एक दिवस. दवाखान्यात बोलतो मी, नाही असं नाही, पण ते काय बोलणं असतं? "श्वास घ्या. सोडा. दुखतंय? दुखणारच."

तर एका रविवारी मी घरी चहा घेत बसलोय. रविवार कितवा वगैरे डोक्यात नाही, कारण ताई आदल्या दिवशी फोन करते ना, तिचा फोन आला की रविवार पहिला! आणि आमचा घरच्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, 'सगळे आपलेच' नावाचा, त्यावर टुणकन फोटो पडला. टेबल, टेबलावर वाडगे, टेबलाभोवती सगळे आपलेच. मी म्हटलं, वा, जुना फोटो दिसतोय, बघू मी कुठे आहे. फ्रीजपाशी नाही. मग दाजींकडे लक्ष गेलं. दाजींच्या नाकावर नवा चष्मा! हा चष्मा मागच्या महिन्यात नव्हता हो. मी तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. चष्मा काही जाईना.

ताईला फोन लावला. म्हटलं, सहज केला. ती म्हणाली, "अगोबाई, तुला सांगायचं राहिलंच बघ!" राहिलं म्हणजे काय? मी काय मिठाची पुडी आहे राहायला? तिलाच कसंतरी झालं असावं, कारण मग आवाज खाली करून म्हणाली, "आणि हे बघ, राग मानू नकोस. सगळे काहीतरी हाताने करून आणतात रे. तू आपला दर वेळी तो बिस्किटांचा पुडा घेऊन येतोस. दाजींच्या माणसांसमोर मलाच ओशाळल्यासारखं होतं."

आता बिस्किटांचा पुडा मी नेतो, खरं आहे. चांगली बिस्किटं असतात हो, दोन्ही बाजूंनी साखर असते त्यांना. पण मला बोचला तो पुडा नाही. मला बोचलं ते 'राहिलंच'. एकदा राहिलेला माणूस दुसऱ्यांदा आणखी सहज राहतो, आणि तिसऱ्यांदा तर कुणाच्या लक्षातही येत नाही की काही राहिलंय. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, पुढच्या महिन्याच्या रविवारी मी हाताने केलेलं काहीतरी घेऊन जाणार, आणि ते असं करणार की पुन्हा म्हणून मला बोलवायचं राहता कामा नये.

ठरवायला काय जातंय? मला येतं काय? मला दुपारचा डबा येतो, रात्रीचा डबा येतो, आणि मधल्या वेळेत मी दूध तापवतो, ते उतू जातं. गॅस आणि मी, आमचं पहिल्यापासून जमलं नाही. तो पेटला की मला दुसरंच काहीतरी आठवतं, आणि मला तो आठवला की फार उशीर झालेला असतो.

पण त्या दिवसांत माझ्याकडे एक केकवाल्या बाई यायच्या. पलीकडच्या गल्लीत त्यांचं केकचं दुकान. स्टुलावरून पडून मनगट मोडलं, प्लॅस्टर निघालं, आणि मनगट असं आखडलं की क्रीमची पिशवी पिळता येईना. एक दिवसाआड यायच्या. मी मनगट वळवायचो, त्या कळ विसरायला बोलायच्या. काय बोलायच्या हो! दुकान, गिऱ्हाईकं, वाढदिवसाच्या केकवर नाव चुकलं तेव्हा काय झालं, सगळं. मला फार बरं वाटायचं. मी त्यांना दोन व्यायाम जास्त द्यायचो. तसे ते गरजेचेच होते, नाही असं नाही...

त्यांना मी सांगितलं, बाई, मला असं काहीतरी सांगा की जे मला करता येईल. त्या म्हणाल्या, कॉफीचे ट्रफल करा. ट्रफल म्हणायचं बरं का, गोळे म्हटलं की त्यांना राग येतो. बिस्किटांचा चुरा, क्रीम चीज, कंडेन्स्ड मिल्क, इन्स्टंट कॉफी, सगळं एकत्र कालवायचं, फ्रीजमध्ये घट्ट करायचं, गोळे वळायचे, कोको पावडरमध्ये घोळवायचे, संपलं. आणि पुढे ते वाक्य, "त्यात काय एवढं सर, गॅससुद्धा पेटवायचा नाही!"

सामान आणायला गेलो मोठ्या किराणा दुकानात. दुकानातल्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, किती माणसांसाठी करताय? आता काय सांगणार? जगात एकट्या माणसासाठी कुणी पाककृती लिहीतच नाही. सगळ्या आपल्या चारजणांसाठी, सहाजणांसाठी, पाहुणे आले तर अमुक वाढवा. पाहुणे आले तर! मी ऐटीत म्हटलं, बरीच माणसं आहेत घरची. तिने भराभर डबे काढले. दोन पिशव्या भरल्या. घरी येताना मला उगाचच वाटत होतं की घरी माणसं वाट बघतायत.

मग कामाला लागलो. बिस्किटं कुटायला घरात बत्ता नाही, लाटणं नाही. असणार कुठून, लाटतंय कोण? मग व्यायामाचं लोखंडी डंबेल होतं ते धुतलं आणि बिस्किटांवर फिरवलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. मी त्यांना उलट ठोकून 'हो हो' म्हटलं. पुढे कालवणं झालं, फ्रीजमध्ये ठेवणं झालं, बाहेर काढलं, मस्त घट्ट, कापसासारखं नाही आणि दगडासारखं नाही. बाही वर केली. चिमटीत घेतलं. तळहातावर ठेवलं. फिरवलं...

आणि गेलं की हो! विरघळलं. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसऱ्याने तर मनगटावरून बाहीत प्रवेश केला. मी जितकं जोर लावून वळतोय तितकं ते पसरतंय, आणि कोको पावडर घ्यायला गेलो तर ती उडून चष्म्यावर, आणि चष्मा पुसायला गेलो तर हाताला चीज, आणि तेवढ्यात नाकाला खाज! मी एवढे पेशंट पाहिले, पण इतकं अंग टाकलेलं शरीर पाहिलं नाही. सवयीने मी त्यालाच म्हणत होतो, "हळूहळू. घाई नाही. जमेल." कुठलं जमतंय? गॅससुद्धा पेटवायचा नाही म्हणे! पेटवला असता तर बरं झालं असतं, निदान जळलं म्हणून सांगता आलं असतं.

शेवटी आपला हात जगन्नाथ. चमचा घेतला आणि ते सगळं वाडग्यातून खाल्लं. चार दिवस खात होतो. छातीत कॉफी नुसती धावत होती.

केकवाल्या बाईंना सांगितलं तर अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांचं मनगट त्या दिवशी कधी नव्हे इतकं वळलं. हसणाऱ्या माणसाला दुखत नाही, हे आमच्या पुस्तकात कुणी लिहिलेलं नाही. मग म्हणाल्या, "दाखवा बघू, कसे वळता ते." आमच्याकडे बोटांच्या व्यायामाला एक मऊ रबरी माती असते, पोरांच्या खेळण्यासारखी. ती घेतली. बसलो त्यांच्यासमोर. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "सर, हे काय केलंत?" म्हटलं, काय केलं? अजून काहीच केलं नाही. "हात चोळलेत." मी म्हटलं, छे. "आत्ता चोळलेत. ठेवा ती माती, परत करा." मी माती ठेवली, परत घेतली, आणि बघतो तर माझे दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा, खसाखसा... मला पत्ताच नाही!

आता हे तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात पेशंटला हात लावायच्या आधी तळवे चोळायचे असतात. गार हात लागला की स्नायू दचकतो, आखडतो, मग बसा दिवसभर त्याची समजूत घालत. मी शिकत होतो तेव्हा आमचे सर मागून यायचे आणि आमचा हात स्वतःच्या मानेवर ठेवून बघायचे. गार लागला की वर्गाबाहेर. तेव्हापासून जे चोळतोय ते आजतागायत. लोक सांगतात ना, "तुमच्या हातांत काय ऊब आहे हो!" म्हाताऱ्या बायका तर नुसत्या हात लावण्यानेच अर्ध्या बऱ्या होतात. मला अभिमान होता या हातांचा. या हातांनी अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, आणि याच हातांत एक चीजचा गोळा उभा राहीना!

आणि ऊब म्हणाल तर... हे मी सहसा बोलत नाही, पण आता निघालंच आहे. मी दिवसभर लोकांना हात लावतो. पाठ, खांदा, मान, पाऊल. पण मला हात लावणारं कोण आहे? एक न्हावी. तो केस कापून झाले की मान दाबून देतो, दोन मिनिटं. म्हणून मी केस जरा लवकर लवकर कापून घेतो. तो म्हणतो, "साहेब, कापायला काही शिल्लक तरी ठेवा." मी म्हणतो, तू मान बघ.

असो. बाईंनी तोडगा सांगितला, हात गार ठेवायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, पुसायचे आणि झटपट वळायचे. तुम्हाला सांगतो, सूज उतरवायच्या बर्फाच्या पिशव्या दवाखान्यात ढिगाने. चार घरी आणल्या. पुन्हा बिस्किटं, पुन्हा डंबेल, पुन्हा खालून काठी. हात पिशव्यांखाली ठेवून बसलो. बोटं बधिर झाली, माझी आहेत की शेजाऱ्याची आहेत कळेना. उठलो, फ्रीज उघडला, भांडं काढलं, आणि भांड्यात हात घालणार एवढ्यात... खसाखसा! चोळले की परत! पुन्हा पिशव्यांखाली. तीनदा हेच. शेवटी मी मोठ्याने बोलायला लागलो, "चोळायचं नाही. चोळायचं नाही. चोळायचं नाही." घरात माझाच आवाज. आणि त्या आवाजाबरोबर एकेक गोळा असा बाहेर पडला, गोल, गरगरीत, कोकोत लोळून ताटात जाऊन बसला. रांग लागली! मी ताट टेबलावर ठेवलं, समोर बसलो, आणि बघत राहिलो.

आणि मग एक मोठीच पंचाईत झाली. चव कशी झालीय हे सांगणार कोण? मी खाल्ला एक, मला आवडला, पण माझं काय, मला वाडग्यातलं डबकंही आवडलं होतं. केलेल्या माणसाच्या जिभेला काही किंमत नसते. दुसऱ्या कुणीतरी खावं, डोळे मिटावे, 'हं' म्हणावं, तेव्हा तो पदार्थ झाला. मग धीर करून वाटीत पाच-सहा घेतले आणि समोरच्या दारावर टकटक केली. नऊ वर्षं झाली मला या मजल्यावर, समोर एक जोडपं राहतं, जिन्यात भेटलं की आम्ही मान हलवतो. दाराला साखळी लावून बाईंनी फटीतून बघितलं. आधी माझ्याकडे, मग वाटीकडे. म्हणाल्या, "आम्हाला काही घ्यायचं नाहीये." आणि दार लावलं! मी विकतोय असं वाटलं हो त्यांना! मी तिथे उभा, हातात वाटी, हात अजून गार. पुन्हा टकटक करून सांगावं का, की बाई, मी समोरचा? पण मग मला वाटलं, त्या विचारतील, समोरचा कोण?

शेवटी सगळं घेऊन दवाखान्यात गेलो. केकवाल्या बाईंची वाट बघत बसलो. त्या आल्या, एक गोळा घेतला, डोळे मिटले. म्हणाल्या, "हं." तुम्हाला सांगतो, परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. "कॉफी चिमूटभर वाढवा, बाकी माझ्या दुकानात ठेवेन असे झालेत." आणि मग त्यांनी बोलता बोलता माझ्या टेबलावरच्या बरणीचं झाकण धरलं, फिरवलं, उघडलं. त्याच हाताने. दोघेही बघत राहिलो. मी म्हटलं, अहो, तुमचं मनगट पूर्ण वळतंय. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता यायला नको ना?"

नको ना. बरोबर आहे, नकोच. लोक म्हणतात, गरज सरो, वैद्य मरो. पण त्या म्हणीत गंमत अशी की गरज सरवतो कोण? वैद्यच! मी माझं काम जितकं नीट करणार तितकं माणूस लवकर जाणार. घोटाळा केला तर येत राहतील. असा धंदा दुसरा दाखवा मला. त्या निघाल्या, दारात थांबल्या, खूप आभार मानले, आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "परत दुखलं तर या हं." असं कुणी बोलतं का हो? खोटं कशाला सांगू, पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या वेळेला मी दुसरा पेशंट घेतला नाही.

मग आला तो रविवार. मीच ताईला शनिवारी फोन करून सांगितलं, मी येतोय, करून आणतोय. ती "बरं" म्हणाली. स्टीलचा मोठा डबा घेतला, खाली बर्फाच्या पिशव्या, वर बर्फाच्या पिशव्या, मध्ये गोळे, आणि सगळं मांडीवर घेऊन दोन बस. मांड्या बधिर झाल्या. उतरताना पाय उचलेना, कंडक्टर म्हणाला, काका, सावकाश, कमरेला दुखणं दिसतंय, एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. मी म्हटलं, दाखवतो.

आणि ताईकडे काय झालं म्हणता! जेवणं झाली, डबा उघडला, टेबलाच्या मधोमध ठेवला. भाचीने एक उचलला, तोंडात टाकला, आणि हातच वर केला, कुणी बोलू नका म्हणून. मग म्हणाली, "मामा, हे तू केलंस?" तू! मी! मग जी झुंबड उडाली. दाजींनी नवा चष्मा वर करून आणखी एक घेतला. दाजींच्या वहिनींनी कागद-पेन मागितलं. एका पोराने दोन्ही गालांत एकेक भरला. आणि सगळे मला विचारतायत, मी सांगतोय, डंबेल, बर्फ, तळवे, खसाखसा, आणि सगळे हसतायत. भाची म्हणाली, मामा, फ्रीजपाशी काय बसतोस, इकडे मध्ये ये. मी मध्ये बसलो. कुणाला थंड पाणी हवं होतं, तर दाजी स्वतः उठले! मी ऐटीत हात झटकले आणि म्हटलं, "त्यात काय एवढं, गॅससुद्धा पेटवायचा नाही." परत जाताना दोन्ही बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभा राहिलो. बसवतच नव्हतं.

पुढचा सगळा महिना मी तयारीत. कॉफी चिमूटभर वाढवून बघितली. दुकानातली मुलगी मला ओळखायला लागली, म्हणाली, तुमच्या घरचे फार गोडखाऊ दिसतात. म्हटलं, फार. या वेळी काय काय सांगायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं, समोरच्या बाईंनी दार लावलं तो किस्सा मागच्या वेळी राहिला होता, तो असा रंगवून सांगायचा होता की दाजींना ठसका लागला पाहिजे.

आणि आठवडा आधीच फोन वाजला. ताईचा! स्वतःहून! मी मुद्दाम थोडा वेळ वाजू दिला, हा काय फोनच्या उशाशीच बसलेला असतो, असं वाटायला नको म्हणून. ताई म्हणाली, अरे, तुझ्या त्या गोळ्यांनी वेड लावलंय सगळ्यांना. ट्रफल, मी म्हटलं. हो तेच ते, म्हणाली, या वेळी दुप्पट कर बाबा. मी म्हटलं, अगं तिप्पट करतो, आणि सकाळी लवकरच येतो, तुला मांडामांड करायला मदत होईल. तर तिचा आवाज एकदम मऊ झाला. मग म्हणाली, "ऐक ना. या वेळी लेकीच्या सासरचे सगळे येणार आहेत. टेबलाभोवती खरंच जागा नाही रे. तू कशाला दोन बस बदलून दमतोस? मी माणूस पाठवते न्यायला. तू फक्त गोळे दे."

तुम्ही ऐकताय ना? मी फक्त गोळे द्यायचे.

मी रागावलो का? नाही. तिचंही खरं आहे, टेबल केवढं, माणसं किती. आणि तिचा आवाज इतका प्रेमळ होता हो, लहानपणी ताप आला की काढायची ना, तसला. मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं की कुणालाच काही वाटून घ्यावं लागत नाही. पण मग मला एक सुचलं. म्हटलं, ताई, तो डबा माझा स्टीलचा आहे, बरं का, घट्ट झाकणाचा, तेवढा आठवणीने परत दे. म्हणजे मनात काय, की डबा परत करायला तरी कुणीतरी येईल. भाची येईल. आली की पाच मिनिटं टेकेल. मी म्हणेन, चहा ठेवतो, आणि गॅस पेटवेन! खुशाल पेटवेन, दूध उतू गेलं तर जाऊ दे. नाहीतर गेला बाजार ताई म्हणेल, येऊन घेऊन जा रे तुझा डबा.

ताई म्हणाली, "अरे छे, डबाबिबा नको. तो परत करायची कटकट कोण करत बसणार? कागदाच्या खोक्यात भरून दे, खाल्लं की टाकून द्यायला बरं."

मग काय करता? गेलो, खोकी विकणाऱ्याकडे गेलो. म्हटलं, एक चांगलं मोठंसं खोकं द्या, घरच्यांना गोड पाठवायचंय. तो म्हणाला, काका, सुटं एक मिळत नाही, डझनाचा गठ्ठा घ्यावा लागेल. मी म्हटलं, द्या, वर्षाची सोय झाली.